पेट्रोलमधला ऊस आणि उसातलं गवत

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, किंवा ज्यांचे इयरफोन नेमके आजच हरवलेत, त्यांच्यासाठी हा या भागाचा लेखी मजकूर.

आजचा विषय तुमच्या गाडीच्या टाकीत आहे. पंपावर ‘ई २०’ असं लिहिलेलं तुम्ही पाहिलं असेल. याचा अर्थ, ५ लिटर पेट्रोल भरलं की त्यातलं साधारण १ लिटर इथेनॉल. हे इथेनॉल मक्यापासून येतं, तांदळापासून येतं आणि अर्थातच उसापासून येतं. ‘यामुळे मायलेज पडतं का?’ यावर तुमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भांडणं झाली असतील. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा लिटरमागे साधारण एक-तृतीयांश ऊर्जा कमी असते, तेव्हा थोडा फरक पडणारच. पण आज मला त्या भांडणात पडायचं नाही.

मला सांगायचीय ती त्या उसाची गोष्ट. आज शेतात जो ऊस दिसतो तो दीडशे वर्षांपूर्वी जगात कुठेच नव्हता. तो माणसांनी घडवलाय, आणि घडवताना त्यात एका रानटी गवताचं रक्त मिसळलंय. पुढे इंधनासाठी उसाकडून जास्तीत जास्त काढून घ्यायची वेळ आली, तेव्हा शास्त्रज्ञ परत त्याच गवताकडे गेले. ही सगळी वाट आज आपण चालणार आहोत.

तुरा: शेतकऱ्याची डोकेदुखी, शास्त्रज्ञाचा खजिना

ऊस कसा लावतात? कांडी लावून. डोळा असलेली टिपरी जमिनीत पुरायची, डोळ्यातून कोंब येतो. म्हणजे नवा ऊस हा जुन्या उसाची हुबेहूब नक्कल. हजारो वर्षं असंच चाललं. उसाला तुरा येतो हे सगळ्यांना दिसत होतं, पण त्या तुऱ्यात उगवणारं बी असतं यावर कुणाचा विश्वास नव्हता. आजही आपल्याकडे शेतकऱ्याला तुरा नको असतो. तुरा आला की वाढ थांबते, ऊस पोकळ पडतो, वजन घटतं.

आता यातली अडचण बघा. सगळा ऊस एकमेकाची नक्कल असेल तर एका उसाला जो रोग मारेल तो सगळ्यांनाच मारेल. जावा बेटावर नेमकं तेच झालं. तिथे डच लोकांचं राज्य होतं आणि साखर हा त्यांचा सोन्याचा धंदा होता. १८८० च्या दशकात तिथल्या उसावर ‘सेरेह’ नावाचा रोग पडला. सेरेह म्हणजे त्यांच्या भाषेत गवती चहा. कारण रोग लागला की रुबाबदार जाड ऊस खुरटायचा आणि गवती चहाच्या ठोंबासारखा दिसायला लागायचा. मळेच्या मळे बसले.

त्याच सुमारास, १८८८ च्या आसपास, दोन ठिकाणी एकच गोष्ट लक्षात आली. जावामध्ये सोल्टवेडेल यांना, आणि तिकडे कॅरिबियनमधल्या बार्बाडोस बेटावर हॅरिसन आणि बोवेल यांना. उसाच्या तुऱ्यातलं बी उगवतं! भुशासारखं बारीक असतं, पण योग्य हवामान मिळालं तर त्याचं रोप होतं. आणि बियांपासून आलेलं प्रत्येक रोप वेगळं असतं. भावंडं असतात ना तशी, एक उंच, एक बुटका, एक गोड, एक अगदीच पाणचट.

म्हणजे आता उसाचा संकर करता येणार होता. नक्कल संपली, निवड सुरू झाली.

खानदानी ऊस आणि रस्त्याकडेचं गवत

जावातल्या जाड, रसाळ, गोड उसाला डच लोक ‘नोबल केन’ म्हणायचे. आपण त्याला खानदानी ऊस म्हणू. शास्त्रीय नाव सॅकॅरम ऑफिसिनॅरम. दिसायला राजा, पण प्रकृती नाजूक. रोग आला की आडवा, थंडी पडली की आडवा.

याच घराण्यातला एक गरीब नातेवाईक आहे. सॅकॅरम स्पॉन्टेनियम. संस्कृतात काश, हिंदीत कांस. नदीकाठी, ओढ्याकाठी, पडीक जमिनीवर आपोआप उगवणारं, पांढऱ्या तुऱ्यांचं गवत. सत्यजित राय यांच्या ‘पथेर पांचाली’मध्ये अपू आणि दुर्गा आगगाडी बघायला ज्या पांढऱ्या गवतातून धावतात ना, तेच हे. गोडी जवळपास नाही, चोथा भरपूर. पण पूर, दुष्काळ, थंडी, रोग, कशालाही दाद देत नाही. कापा, जाळा, परत फुटतं.

जावाच्या एका डोंगरउतारावर ‘कासूर’ नावाचा एक विचित्र ऊस सापडला होता. बारीक, चिवट, सेरेह न लागणारा. तो खानदानी ऊस आणि या गवताचा निसर्गानेच केलेला संकर निघाला. डच शास्त्रज्ञांनी मग तोच मार्ग धरला: खानदानी ऊस आणि गवत यांचा संकर करायचा, आलेल्या संततीचा परत खानदानी उसाशी, मग परत. दर पिढीला गोडी वाढवत न्यायची आणि चिवटपणा राखायचा.

इथे उसाच्या पेशीत एक गंमत घडते, आणि ती पुढच्या सगळ्या गोष्टीला उपयोगी आहे, म्हणून जरा थांबून सांगतो. आपल्या पेशीत ४६ गुणसूत्रं. निम्मी आईची, निम्मी वडिलांची. खानदानी उसात ८०. त्याचा गवताशी संकर केला तर आईने निम्मी, म्हणजे ४० द्यायला हवीत. पण ऊस हा नियम पाळत नाही. आई असलेला खानदानी ऊस आपली ८० च्या ८० गुणसूत्रं संततीला देऊन टाकतो. गवत मात्र निम्मीच देतं. जावातल्या गवतात ११२ होती, त्याची निम्मी ५६. म्हणून कासूरमध्ये ८० अधिक ५६, एकूण १३६ गुणसूत्रं. डच शास्त्रज्ञ ब्रेमर यांनी १९२० च्या दशकात मोजणी करून हे उलगडलं. याचा फायदा असा की आईची गोडी फार लवकर परत मिळते.

या कामातून १९२१ मध्ये जावात यस्विट यांच्या हातून एक संकर झाला. त्याचं नाव पीओजे २८७८. दहा वर्षांच्या आत जावाचा जवळपास सगळा ऊस या एका वाणाखाली आला. आणि जावाची स्वस्त साखर जहाजं भरभरून जायला लागली. कुठे? इतर ठिकाणांबरोबर मुंबई आणि कलकत्त्याच्या बंदरांत.

कोइमतूरचं उत्तर

विचार करा, ज्या देशात साखर करायची विद्या जन्माला आली तोच देश जावाची साखर विकत घेत होता. उत्तर भारतातला ऊस बोटाएवढा बारीक, एकरी उत्पादन तुटपुंजं. जावाचा जाड ऊस आणून लावला तर पंजाबच्या थंडीत तो टिकायचा नाही.

१९१२ मध्ये कोइमतूरला ऊस पैदास केंद्र सुरू झालं. कोइमतूरच का? कारण तिथल्या हवेत उसाला तुरा येतो आणि बी धरतं. उत्तरेत ते होत नव्हतं. म्हणून लग्न लावायचं तामिळनाडूत आणि संसार करायचा पंजाबात, असा हा कारभार. प्रमुख होते सी. ए. बार्बर, आणि त्यांचे सहकारी टी. एस. वेंकटरामन.

त्यांनी स्थानिक ‘वेल्लै’ नावाच्या जाड उसाचा संकर कोइमतूरजवळच्याच कांस गवताशी केला. १९१८ मध्ये त्यातून को २०५ हा वाण पंजाबसाठी दिला. ‘को’ म्हणजे कोइमतूर. खानदानी ऊस आणि रानगवत यांच्या मुद्दाम केलेल्या संकरातून शेतात उतरलेला हा जगातला पहिला व्यापारी वाण. बघायला बारीक, पण पंजाबच्या जुन्या वाणांपेक्षा कितीतरी सरस.

पुढे वेंकटरामन यांनी एकामागून एक वाण दिले. त्यातला को ४१९ आपल्यासाठी महत्त्वाचा. त्याचे पालक बघा: एक जावाचा पीओजे २८७८ आणि दुसरा कोइमतूरचाच को २९०. म्हणजे स्पर्धकाचंच बी घेऊन आपला ऊस बनवला! दख्खनच्या कालव्यांवर आधी ‘पुंड्या’ ऊस असायचा. मग जावाचे वाण आले, आणि मग को ४१९ ने मैदान मारलं. १९३२ मध्ये सरकारने बाहेरच्या साखरेवर संरक्षक जकात बसवली आणि पाच-सहा वर्षांत देशातले साखर कारखाने तीसेकवरून शंभराच्या वर गेले.

१९३२ मध्येच आपल्याकडे फलटणजवळ पाडेगावला ऊस संशोधन केंद्र आलं. १९५० मध्ये विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरेला सहकारी कारखाना उभा राहिला. शाळेत आपण सहकाराचा इतिहास शिकतो तेव्हा सभासद, शेअर्स, पुढारी असं सगळं येतं. वाणाचं नाव येत नाही. पण माझं मत विचाराल तर को ४१९ आणि त्याच्यामागून आलेला को ७४० नसते, तर त्या कारखान्यांच्या चिमण्यांतून धूर निघणं अवघड होतं. आज गावाकडे कुणालाही विचारा, कोणता ऊस लावलाय? उत्तर येईल, ‘८६०३२’ किंवा ‘२६५’. यातला को ८६०३२ कोइमतूरचा आणि फुले २६५ पाडेगावचा. दोघांच्याही अंगात त्या गवताचा अंश आहे.

जानकी अम्मल

आता या गोष्टीतली माझी सगळ्यात आवडती व्यक्ती. एडवलेत कक्कट जानकी अम्मल. जन्म १८९७, केरळातलं थलश्शेरी. बहिणींची लग्नं होत होती तेव्हा या बाईंनी पुस्तकं निवडली. शिष्यवृत्तीवर अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात गेल्या आणि १९३१ मध्ये डॉक्टर ऑफ सायन्स होऊन परतल्या. त्या काळात अमेरिकेतसुद्धा वनस्पतिशास्त्रात ही पदवी घेतलेल्या बायका थोड्याच होत्या.

१९३४ मध्ये त्या कोइमतूरला आल्या. काम होतं पेशीतली गुणसूत्रं मोजायचं आणि कोणाचा संकर कोणाशी होऊ शकतो हे पाहायचं. आज कॉम्प्युटर आहे. तेव्हा सूक्ष्मदर्शक होता, आणि डोळे होते. शंभराच्या आसपास गुणसूत्रं, काडेपेटीतल्या काड्या टेबलावर सांडल्यासारखी पसरलेली, ती एकेक करून मोजायची.

त्यांनी उसाचे संकर ज्वारीशी केले, बांबूशी केले आणि मक्याशीसुद्धा केले. ऊस आणि मका यांच्या संकरावरचं त्यांचं टिपण १९३८ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात आलं. सहज गंमत म्हणून लक्षात ठेवा: आज भारताच्या इथेनॉलचे दोन मोठे स्रोत ऊस आणि मका हेच आहेत, आणि त्यांची सोयरीक जुळवून बघणारी बाई नव्वदेक वर्षांपूर्वी कोइमतूरला बसली होती. ते विचित्र संकर शेतात गेले नाहीत. पण उसाची पेशी किती सैल आहे, किती परकं रक्त सहन करू शकते, हे त्यातून कळलं. कांस गवताचं मूळ घर भारत आहे, हेही त्यांच्या अभ्यासातून पुढे आलं.

एकटी बाई, त्यातून तेव्हाच्या समाजाने खालची ठरवलेल्या थिय्या जातीतली. पुरुष सहकाऱ्यांमध्ये त्यांना ते जड गेलं. शेवटी त्या इंग्लंडला गेल्या. महायुद्धात बॉम्ब पडत होते त्या काळात जॉन इन्स संस्थेत काम केलं, आणि सी. डी. डार्लिंग्टन यांच्याबरोबर लागवडीखालच्या वनस्पतींच्या गुणसूत्रांचा कोश लिहिला. तो १९४५ मध्ये आला. नंतर नेहरूंच्या बोलावण्यावरून त्या भारतात परतल्या. १९७७ मध्ये पद्मश्री मिळाली. उतारवयात केरळचं सायलेंट व्हॅली जंगल वाचवायच्या चळवळीतही त्या होत्या. १९८४ मध्ये गेल्या.

आणि हे ऐका. उसाच्या जातींचे जगातले दोन मोठे संग्रह आहेत. एक अमेरिकेत फ्लोरिडामध्ये, आणि दुसरा कोइमतूरच्या संस्थेकडे. या दुसऱ्या संग्रहातला मोठा भाग कन्नूरला जपलाय. जानकी अम्मल यांचं थलश्शेरी त्याच कन्नूर जिल्ह्यात येतं.

साखरेवरून इंधनाकडे

इथपर्यंत उसाचं ध्येय एकच होतं, साखर. ते बदललं ब्राझीलमध्ये. १९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखलं, किमती काही महिन्यांत चौपट झाल्या. ब्राझील बहुतेक तेल बाहेरून आणायचा. १४ नोव्हेंबर १९७५ ला त्यांनी ‘प्रोआल्कूल’ ही योजना सुरू केली. उसाचं अल्कोहोल करायचं आणि गाड्यांत घालायचं. १९७९ मध्ये फक्त इथेनॉलवर चालणारी फियाट १४७ रस्त्यावर आली. २००३ मध्ये पेट्रोल आणि इथेनॉल कोणत्याही प्रमाणात चालणाऱ्या फ्लेक्स गाड्या आल्या.

ब्राझीलच्या मळ्यांत को २९० आणि को ४१९ हे आपले वाण आधीच पोचले होते. त्यांच्या पैदासकारांनी पुढे स्वतःचे शेकडो वाण तयार केले. १९७० च्या दशकात हेक्टरी साधारण ३ हजार लिटर इथेनॉल मिळायचं. तीस वर्षांत ते ६ हजारांच्या आसपास गेलं. काही भाग यंत्रांचा, काही आंबवण्याच्या तंत्राचा, पण मोठा वाटा चांगल्या वाणांचा.

आपल्याकडे काय? २००३ मध्ये काही राज्यांत ५ टक्के मिश्रणाने सुरुवात झाली आणि बरीच वर्षं ती रखडली. २०१८ मध्ये जैवइंधन धोरण आलं आणि गाडी पळायला लागली. २०२२ मध्ये १० टक्के, २०२५ मध्ये २० टक्के. आधी इथेनॉल फक्त मळीपासून व्हायचं. साखर काढून झाल्यावर उरलेल्या शेवटच्या मळीतून, टनभर उसामागे जेमतेम १०-११ लिटर. साखर न करता थेट रसापासून केलं तर टनाला ७० लिटर. म्हणून धोरणाने रसाला परवानगी दिली. मग २०२३ ला पाऊस कमी झाला, साखर कमी पडेल अशी भीती वाटली, आणि डिसेंबरमध्ये सरकारने रसापासून इथेनॉल करण्यावर लगाम घातला. पुढच्या वर्षी तो काढला. दरम्यान मका पुढे निघून गेला.

तीनातले दोन हिस्से

आता विज्ञानाचा गाभा. शेतातल्या पूर्ण उसात जी ऊर्जा आहे तिचे ढोबळ मानाने तीन सारखे वाटे होतात. एक रसातल्या साखरेत. दुसरा चिपाडात, ज्याला कारखान्यात बगॅस म्हणतात. तिसरा वाढ्यात आणि पाचटात. इथेनॉल करताना आपण मुख्यतः पहिला वाटा वापरतो. चिपाड बॉयलरमध्ये जळतं, त्याची वीज होते, ते ठीक. पाचट मात्र बऱ्याचदा शेतातच पेटवलं जातं.

चिपाडात साखर नसते का? असते, पण कुलूपबंद. सेल्युलोज म्हणजे साखरेच्याच लांब साखळ्या. त्या साखळ्यांभोवती लिग्निन नावाचा पदार्थ असतो, विटांमधल्या सिमेंटसारखा. झाड उभं राहतं ते त्याच्यामुळे. हे सिमेंट फोडायला उष्णता, आम्ल, महागडी विकरं लागतात. या दुसऱ्या पिढीच्या इथेनॉलमध्ये भल्याभल्यांचे हात पोळलेत. ड्यूपाँ कंपनीने अमेरिकेतला आपला मोठा प्रकल्प २०१७ मध्ये बंद केला. आपल्याकडे पानिपतला इंडियन ऑइलचा भाताच्या पेंढ्यावरचा प्रकल्प २०२२ मध्ये सुरू झाला.

मग शास्त्रज्ञांनी विचार केला, कारखान्यात सिमेंट फोडत बसण्यापेक्षा झाडातच ते थोडं कच्चं ठेवलं तर? लिग्निन तयार करण्यात हात असलेलं ‘कॉम्ट’ नावाचं जनुक आहे. भातात किंवा टोमॅटोत अशा जनुकाच्या दोन प्रती बदलल्या की काम झालं. उसात? आठवा, गुणसूत्रं शंभराच्या वर. पत्त्यांचा एक कॅट असेल तर इस्पिकचा एक्का शोधणं सोपं. इथे दहा-बारा कॅट एकत्र पिसलेत, काही खानदानी उसाचे, काही गवताचे, काही अर्धे फाडून एकमेकांना चिकटवलेले. फ्लोरिडा विद्यापीठातल्या गटाने मोजलं तर कॉम्टच्या १०९ प्रती निघाल्या. जनुकसंपादनाने त्यांनी त्यातल्या १०७ बदलल्या. २०१८ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला: चिपाडातून साखर सुटण्याचं प्रमाण सुमारे ४४ टक्क्यांपर्यंत वाढलं, आणि ऊस आडवा पडला नाही, वजनही घटलं नाही.

उसाचा पूर्ण जनुकीय नकाशा हातात यायला २०२४ साल उजाडलं. आर ५७० या वाणाचा तो नकाशा ‘नेचर’मध्ये आला. माणसाचा नकाशा त्याआधी वीस वर्षांपूर्वीच झाला होता. उसाला इतका उशीर का? त्या पिसलेल्या पत्त्यांमुळे, म्हणजे शेवटी त्या कांस गवतामुळेच!

दुसरा मार्ग जुना, बार्बर आणि वेंकटरामन यांचाच. परत गवताशी संकर. फरक एवढाच की यावेळी गोडीसाठी परत खानदानी उसाकडे फार वळायचं नाही. यातून जो ऊस होतो त्याला ऊर्जा-ऊस म्हणतात. बारीक, चोथ्याने भरलेला, भरपूर फुटव्यांचा, वर्षानुवर्षं खोडवा देणारा. अमेरिकेत लुइझियानामध्ये २००७ मध्ये असे वाण दिले गेले. ब्राझीलमध्ये आहेत, कोइमतूरमध्येही त्यावर काम झालंय. शंभर वर्षं आपण ज्या गवताला उसातून हळूहळू हद्दपार करत होतो, त्यालाच आता सन्मानाने परत बोलावणं.

कार्यक्षम म्हणजे नेमकं काय?

इथे मला थोडं माझं म्हणणं मांडायचंय. ‘कार्यक्षमता’ हा शब्द या सगळ्या इतिहासात तीनदा बदलला. १९१२ ला प्रश्न होता, जावाशी टक्कर द्यायला एकरी साखर किती? १९७५ ला ब्राझीलचा प्रश्न होता, हेक्टरी लिटर किती? आपण आज महाराष्ट्रात बसून कोणता प्रश्न विचारायचा?

ब्राझीलच्या साओ पाउलोमध्ये ऊस बहुतांश पावसावर येतो. आपल्याकडे तो पाटाच्या आणि बोअरच्या पाण्यावर येतो. आडसाली ऊस तर दीड वर्ष शेतात उभा असतो. केंद्राच्या कृषी मूल्य आयोगाच्या अहवालात नोंद आहे की महाराष्ट्रात पिकाखालच्या ४ टक्क्यांपेक्षा कमी क्षेत्रावर असलेला ऊस सिंचनाचं जवळपास ७० टक्के पाणी घेतो. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालानुसार उसापासून १ लिटर इथेनॉल करायला साधारण २,८६० लिटर पाणी लागतं.

हा आकडा नुसता ऐकून डोक्यात बसत नाही, म्हणून असं बघा. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं होतं. पहिल्या गाडीत साधारण ५ लाख लिटर पाणी होतं. भागाकार करा. त्या अख्ख्या गाडीभर पाण्यात उसाचं इथेनॉल होईल १७५ लिटर. एक पिंप भरून वाहणार नाही. आणि लातूर स्वतः ऊस पिकवणारा, कारखान्यांचा जिल्हा आहे.

मी ऊस लावणाऱ्याला दोष देत नाही. हमीभाव ठरलेला, कारखाना उचलणार हे पक्कं, तुरीसारखा भाव कोसळायची भीती नाही. मी त्याच्या जागी असतो तर मीही ऊसच लावला असता. पण धोरणाची मेख बघा. उसाचा दर साखरेच्या उताऱ्यावर बांधलेला आहे, १०.२५ टक्के उतारा धरून. चोथ्याला त्यात किंमत नाही. मग कमी पाण्यावर येणारा, चोथ्याचा ऊर्जा-ऊस प्रयोगशाळेत कितीही चांगला निघाला तरी तो शेतात येणार कसा? कोणता कारखाना आपला उतारा पाडून घेईल? जनुक बदलायला दहा-पंधरा वर्षं लागतात हे खरं, पण दराचं सूत्र बदलायला कधी कधी त्याहून जास्त लागतात.

उसाच्या पैदाशीत दुष्काळ सोसायची ताकद आली ती बहुतांश त्या रानगवताकडून. आणि आजचे जगभरातले वाण त्या गवताच्या मोजक्याच झाडांपासून आलेत, जावातली काही आणि कोइमतूरजवळची काही. हिमालयाच्या पायथ्यापासून केरळपर्यंत नदीनाल्यांच्या काठी या गवताचे असंख्य प्रकार अजून उभे आहेत, बहुतेकांना उसाच्या घराण्यात प्रवेशच मिळालेला नाही. नदीकाठ सिमेंटचे करताना, ओढे बुजवताना, ‘नुसतं गवत तर आहे’ म्हणून आपण ते उपटून टाकतो. जानकी अम्मल यांनी उसाची पेशीही मोजली आणि शेवटी जंगल वाचवायलाही उभ्या राहिल्या. मला त्यात विसंगती वाटत नाही. उद्याचा कमी पाण्याचा ऊस ज्या जनुकातून यायचा ते जनुक आज कुठल्यातरी ओढ्याकाठी वाऱ्यावर डोलतंय. पण ओढाच राहिला नाही तर?

तर मंडळी, कार्यक्षमतेची माझी व्याख्या साधी आहे: थेंबामागे किती? एकरी किती हे विचारून आपण शंभर वर्षं काढली आणि त्यात मोठं यशही मिळवलं. पुढच्या पिढीच्या पैदासकारांना आपण दुसरा प्रश्न द्यायला हवा. तुमच्यापैकी कुणी कृषी महाविद्यालयात शिकत असेल, राहुरीला, कोल्हापूरला, परभणीला, तर हा प्रश्न तुमचाच आहे.

तुमच्या घरी ऊस असेल तर आजोबांना विचारा, त्यांच्या लहानपणी कोणता वाण होता? पुंड्या, ४१९, ७४०, जे काही सांगतील ते आम्हाला लिहून पाठवा. कोणत्या सालापर्यंत होता आणि का गेला हेही विचारा. पुढच्या एखाद्या भागात ती उत्तरं वाचून दाखवेन. तोवर, भेटूया. ऐकत राहा!